पैलवानाचे दुखणे

जखम भरली आहे, हाड जुळले आहे, एक्स-रे स्वच्छ आला आहे, आणि तरीही शिपाई रात्र रात्र कण्हतो आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, फोर्ट लुईस तळावरच्या मॅडिगन लष्करी रुग्णालयात 1944 साली असे रुग्ण वाढू लागले होते. कुणाचा हात कोपरापासून तुटलेला, पण नसलेल्या हाताची बोटे आवळल्यासारखी दुखत. कुणाच्या नसेला गोळी चाटून गेलेली; खपली केव्हाच पडून गेली, पण तळहाताची आग थांबत नव्हती. शल्यविशारद म्हणत, आमचे काम झाले. मग या रुग्णांची पाठवणी होई भूल विभागाकडे. सुई टोचून नस बधिर करण्याची विद्या त्याच विभागाला अवगत होती, एवढेच त्यामागचे कारण. विभागाचे प्रमुख डॉक्टर जॉन बोनिका तेव्हा अवघे 27 वर्षांचे होते.

बोनिकांनी पुस्तके चाळली. शस्त्रक्रियेच्या, मेंदूविकारांच्या, अस्थिरोगांच्या जाडजूड ग्रंथांत वेदनेवर मोजकीच पाने निघाली, आणि तीही बहुतेक रोग ओळखण्यापुरती. वेदना हे कशाचे लक्षण आहे ते शोधा, मूळ रोग बरा करा, वेदना आपोआप जाईल, हा त्या काळचा सर्वमान्य पाठ. रोग गेला आणि वेदना मुक्कामाला राहिली तर काय, याचे उत्तर कुठल्याच विभागाच्या वाट्याला आलेले नव्हते.

बोनिकांना या प्रश्नाने धरले याला त्यांच्या पूर्वायुष्याचाही हातभार होता. सिसिलीच्या उत्तरेला समुद्रात फिलिकुदी नावाचे चिमुकले ज्वालामुखी बेट आहे. 1917 मध्ये जॉनचा जन्म तिथे झाला. तो 10 वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले. पुढे वडील लवकर वारले आणि पेपर विकून, बूट पॉलिश करून पोराने घराला हातभार लावला. शाळेत कुस्तीचा नाद लागला, आणि त्या नादानेच पुढे कॉलेजची फी भरली. मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात डॉक्टरकी शिकत असताना तो ‘जॉनी बुल वॉकर’ या नावाने, तर कधी तोंडावर मुखवटा चढवून ‘मास्क्ड मार्व्हल’ म्हणून पैशांच्या कुस्त्या लढे. 1941 मध्ये काही महिने लाइट हेवीवेट गटाचे जागतिक विजेतेपदही त्याच्याकडे होते. या कुस्त्यांनी पदवी मिळवून दिली आणि मोडलेले कान, निखळलेले सांधे, ठेचलेली हाडेही दिली. कोल्हापूरच्या तालमीत मोडका कान ही पैलवानाची ओळख मानतात. बोनिकांचे कान पाहून तिथल्या वस्तादाला वेगळी ओळख लागली नसती.

1942 मध्ये ते डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी एमाशी त्यांचे लग्न झाले. पहिल्या बाळंतपणात एमाला ईथरची भूल देताना नवशिक्याच्या हातून घोटाळा झाला. तिचा श्वास कोंडला आणि जीव जाता जाता वाचला. भूल देण्याचे काम नवशिक्यावर सोपवण्याजोगे नाही, हे त्या प्रसंगाने बोनिकांच्या मनावर कायमचे ठसले.

वेदनेचा प्रश्न मात्र बोनिकांच्या कितीतरी आधीपासूनचा होता. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने वेदनेचे चित्र मांडले होते. पायाला विस्तव लागतो, तिथून एक धागा ओढला जातो आणि दोरी ओढल्यावर घंटा वाजावी तसा मेंदूत संदेश पोचतो. चित्र इतके सुटसुटीत होते की पुढची 300 वर्षे डॉक्टर त्याच वाटेने चालले. दोरीच कापली तर घंटा वाजणार नाही, या हिशेबाने नसा कापल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियात मज्जारज्जूमधले वेदनेचे तंतू छेदण्याची शस्त्रक्रियाही झाली. रुग्णाला काही महिने आराम पडे. पुष्कळदा मग वेदना परत येई, आणि कधी कधी आधीपेक्षा विचित्र रूप घेऊन येई.

याच फिलाडेल्फियात अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात टर्नर्स लेन नावाचे रुग्णालय नसांच्या जखमा आणि विकारांसाठी चालवले गेले होते. तिथले डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी 1864 च्या ग्रंथात नसेला गोळी लागलेल्या शिपायांच्या आगीचे वर्णन करून ठेवले आहे. हे शिपाई हाताला सतत ओले फडके गुंडाळून बसत. काही जण बुटात पाणी ओतून चालत, कारण कोरड्या कातड्याचे घासणेही सोसवत नसे. त्या रुग्णालयात वर्षभरात मॉर्फिनची 40,000 हून अधिक इंजेक्शने दिली गेली. तात्पुरता आराम पडे. आपण नेमके कशावर औषध देतो आहोत, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. पहिल्या महायुद्धात असेच जखमी पाहिलेले फ्रेंच शल्यविशारद रने लेरिश यांनी 1937 मध्ये स्पष्टच म्हटले की जुनाट वेदना हा स्वतंत्र आजार आहे. त्यांच्या बोलण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

बोनिका मॅडिगनमध्ये रुजू झाले त्याच वर्षी इटलीच्या अँझिओ किनाऱ्यावर हेन्री बीचर नावाचे दुसरे भूलतज्ज्ञ वेगळेच काही पाहत होते. हाडे फुटलेल्या, पोट फाटलेल्या शिपायांना ते विचारत, वेदनेवर काही देऊ का? सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटले. जखम म्हणजे आघाडीवरून जिवंत सुटल्याची खूण होती, ती घरी नेणार होती. पुढे बीचरनी शहरातल्या रुग्णांशी तुलना केली तेव्हा कमी जखमेवरही जास्त औषध मागणारे पुष्कळ निघाले. म्हणजे जखम मोठी तर वेदना मोठी, हे देकार्तच्या दोरीचे गणितच चुकत होते. अँझिओत जखमा भयंकर होत्या आणि वेदना कमी; मॅडिगनमध्ये जखमा भरल्या होत्या आणि वेदना भयंकर.

बोनिकांनी यावर काढलेला उपाय कागदावर अगदी साधा दिसतो. ज्या रुग्णाचे कोडे सुटत नसे त्याच्यासाठी ते मेंदूचा शल्यविशारद, अस्थिरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ अशा सहकाऱ्यांना जेवणाच्या सुट्टीत एका टेबलाशी बसवत. एरवी ही मंडळी एकमेकांना चिठ्ठ्या पाठवत आणि रुग्ण त्या चिठ्ठ्या घेऊन या दारातून त्या दारात फिरे. समोरासमोर बसल्यावर त्यांच्या ध्यानात येई की प्रत्येकाने रुग्णाचा एकेक अवयव पाहिला आहे आणि सगळा माणूस कोणीच पाहिलेला नाही. युद्धानंतर टकोमा जनरल रुग्णालयात बोनिकांनी हीच रीत चालू ठेवली. 1953 मध्ये त्यांचा ‘द मॅनेजमेंट ऑफ पेन’ हा 1,500 पानांचा ग्रंथ निघाला. जुनाट वेदनेला स्वतंत्र आजार मानून तिच्या उपचाराची सांगोपांग मांडणी करणारे इतके मोठे पुस्तक त्याआधी नव्हते. तरी त्यातही सुईचाच भर होता: कुठली नस, कुठे, किती खोल बधिर करायची. हत्यार हातात होते म्हणून त्याच्यावर विसंबणे साहजिक होते. बधिरपणा काही तासांनी उतरला की वेदना पुन्हा हजर.

1960 मध्ये बोनिका सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात भूलशास्त्राचे विभागप्रमुख झाले. तिथे मेंदूचे शल्यविशारद लोवेल व्हाइट आणि परिचर्याशास्त्राच्या डोरोथी क्राउली यांच्यासह त्यांनी वेदनेचे बहुशाखीय क्लिनिक उभे केले. मात्र या क्लिनिकला खरे वळण दिले ते विद्यापीठातल्याच एका मानसशास्त्रज्ञाने. विल्बर्ट फोर्डाइस त्यांचे नाव.

फोर्डाइस पुनर्वसन विभागात काम करत. वर्षानुवर्षांच्या पाठदुखीचे रुग्ण पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले की वेदनेभोवती घराचा आणि दवाखान्याचा सगळा व्यवहार रचला गेलेला असतो. कण्हल्यावर नवरा धावत येतो, गोळी मिळते, कामातून सुटका होते. शांत बसल्यावर कोणी विचारत नाही. यात ढोंग नसते. ज्या वागण्याला प्रतिसाद मिळतो ते वागणे रुजते, एवढेच. मग त्यांनी व्यवहारच उलटा केला. औषध दुखल्यावर मागून घ्यायचे नाही. ते घड्याळाप्रमाणे, ठरल्या वेळीच मिळेल. ते रंगीत सिरपमध्ये मिसळलेले असे आणि रुग्णाच्या संमतीने त्यातल्या औषधाची मात्रा हळूहळू कमी केली जाई. परिचारिका तक्रारीवर फार रेंगाळत नसत, पण रुग्ण चार पावले जास्त चालला की आवर्जून कौतुक करत. विश्रांती मिळे ती व्यायाम पुरा केल्याबद्दल, दुखले म्हणून नव्हे.

व्यायामाचा हिशेबही वेगळा होता. जुनाट दुखण्याच्या माणसाची एक ठरलेली चाल असते: बरे वाटेल त्या दिवशी साचलेली सगळी कामे उरकायची आणि पुढचे चार दिवस अंथरूण धरायचे. दर खेपेला अंथरुणाचे दिवस वाढतात, स्नायू आक्रसतात, भीती वाढते आणि माणूस हालचाल आणखी आखडतो. फोर्डाइसनी वेदनेऐवजी आकड्याला मालक केले. सहज जमेल त्याहून थोडे कमी असे चालणे ठरवायचे, रोज तेवढेच करायचे आणि मग बेताबेताने वाढवायचे. चांगल्या दिवशी आकड्याच्या पुढे जायचे नाही आणि वाईट दिवशी मागे यायचे नाही. आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट जुनाट पाठदुखीला जो सल्ला देतात त्याचे एक मूळ या कामात आहे. 1968 मध्ये त्यांनी यावर पहिला निबंध लिहिला आणि 1976 मध्ये पुस्तक.

या पद्धतीवर टीका झाली, आणि होणारच होती. माणूस कळवळतो आहे आणि तुम्ही तोंड फिरवता? फोर्डाइसचे म्हणणे असे की वेदना खरी आहे; पण रुग्ण वेदना संपण्याची वाट पाहत आयुष्य थांबवून बसला आहे आणि ती वाट संपणारी नाही. ज्याच्यापाशी दुखण्याहून बरे काही करण्याजोगे आहे, त्याला दुखणे कमी छळते, असे ते सांगत. मराठी माणसाला याची साक्ष शोधायला सिएटलला जावे लागणार नाही. मणक्याच्या विकाराने बाबा आमट्यांना बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढीच सोय उरली होती. 1985-86 मध्ये सायकलस्वार तरुणांबरोबर कन्याकुमारी ते काश्मीर ही भारत जोडो यात्रा त्यांनी बसमध्ये पलंग टाकून केली.

सिएटलमध्ये उपचाराची दिशा बदलत होती, त्याच काळात देकार्तची दोरीही तुटली. 1965 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी नवा सिद्धान्त मांडला. मज्जारज्जूत एक दार आहे आणि वेदनेचा संदेश त्यातून कमीजास्त सोडला जातो. स्पर्शाचे तंतू ते दार लोटू शकतात. ठेच लागल्यावर अंगठा चोळला की बरे वाटते ते यामुळे. आणि मेंदूही वरून आज्ञा पाठवून ते उघडतो किंवा मिटतो. भीती, लक्ष, आठवण, अर्थ यांना वेदनेच्या शरीरशास्त्रात प्रथमच जागा मिळाली. सिद्धान्ताचे बारकावे पुढे बदलले, पण अँझिओच्या शिपायाला नको असलेली सुई आणि मॅडिगनच्या शिपायाला न पुरणारी सुई यांचा मेळ घालणारी चौकट हाती आली.

1973 च्या मे महिन्यात बोनिकांनी सिएटलजवळ इसाक्वा गावातल्या एका जुन्या कॉन्व्हेंटमध्ये 300 हून अधिक संशोधक आणि डॉक्टर जमवले. मॅडिगनच्या जेवणाच्या टेबलाचीच ही मोठी आवृत्ती होती. प्रयोगशाळेत उंदरांच्या नसांवर काम करणारे आणि दवाखान्यात माणसांच्या तक्रारी ऐकणारे यांची तोवर एकमेकांशी धड ओळख नव्हती. त्यातून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना जन्मली. 1975 मध्ये फ्लॉरेन्सला तिचे पहिले अधिवेशन भरले आणि वॉल यांच्या संपादनाखाली ‘पेन’ हे नियतकालिक सुरू झाले. सिएटलचे केंद्र पुढे मेंदूचे शल्यविशारद जॉन लोझर यांनी चालवले. तिथला रुग्ण तीन आठवडे रोज व्यायाम, समुपदेशन, कामाचा सराव यांतून जाई. अमेरिकेत ठिकठिकाणी अशी केंद्रे निघाली.

मग पैशाचा प्रश्न आला. तीन आठवडे, सात-आठ तज्ज्ञ, रोजचे तास: विमा कंपन्यांना ते बिल जड वाटू लागले. त्यांना गोळी परवडत होती. गोळीच्या बाजूने एक पुरावाही हाताशी होता. 1980 च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे पाच वाक्यांचे पत्र छापून आले होते. अफूजन्य औषधे मिळालेल्या 11,882 रुग्णांत व्यसन लागल्याच्या नोंदी फक्त 4. हे रुग्ण रुग्णालयात दाखल झालेले होते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणारे. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्या पाठदुखीच्या माणसाबद्दल त्या पत्रात अक्षर नव्हते. तरी ते त्याच्याबद्दलच असल्यासारखे उद्धृत होत राहिले. 2017 मध्ये त्याच नियतकालिकाने मोजदाद छापली, तेव्हा 608 उल्लेख सापडले आणि त्यांतल्या बहुतेकांनी व्यसन क्वचितच लागते याला पुरावा म्हणून ते वापरलेले होते.

1996 मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीची ऑक्सिकाँटिन ही गोळी बाजारात आली. 12 तास आराम, व्यसनाचा धोका कमी, असा तिचा प्रचार झाला. 2007 मध्ये कंपनीने आणि तिच्या तीन अधिकाऱ्यांनी दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला आणि 60 कोटी डॉलरहून अधिक दंड भरला. तोवर गावेच्या गावे अफूजन्य औषधांच्या विळख्यात सापडली होती आणि बहुशाखीय केंद्रे पैशाअभावी एकेक करून बंद होत होती. बरे, ज्यासाठी हे सगळे झाले तो आराम तरी मिळाला का? 2018 मध्ये पाठ, गुडघे आणि खुबे यांच्या जुनाट दुखण्याच्या 240 माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर अफूजन्य औषध घेणाऱ्यांचे कामकाज साध्या औषधवाल्यांपेक्षा काही अधिक सुधारलेले नव्हते.

भारतात नेमके उलटे घडले. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात किमान 10 वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती आणि परवान्यांचे जंजाळ असे की औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत अफू तयार होत होती, औषधांसाठी परदेशी जात होती, आणि इथला कर्करोगाचा रुग्ण तळमळत मरत होता. 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला डॉक्टर लुईस डिसोझा यांनी शांती आवेदना सदन उघडले. अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीची ही देशातली पहिली संस्था. 1993 मध्ये कोझिकोडला डॉक्टर एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले आणि पुढे कायद्याशी झुंज दिली. अखेर 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. अमेरिकेत एकच गोळी सर्वांना वाटली आणि भारतात ती ज्याला हवी त्यालाही नाकारली. समोरचा माणूस कोण, त्याचे दुखणे कोणते, हे विचारायला वेळ द्यायचा नसला की दोन्ही चुका सारख्याच सहज होतात.

बोनिकांनी यातला अमेरिकेचा शेवटचा अंक पाहिला नाही. 15 ऑगस्ट 1994 रोजी ते वारले. एमा त्यांच्या काही आठवडे आधी गेल्या होत्या. कुस्तीने जखडलेले खांदे आणि खुबे त्यांना आयुष्यभर पुरले. शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या, चालणे अवघड झाले, आणि तरी अधिवेशने, प्रवास, लेखन चालूच राहिले. आपले दुखणे पूर्ण जाईल ही आशा वेदनेच्या या सर्वांत मोठ्या जाणकाराने स्वतःपुरती धरलेली दिसत नाही. दुखण्याला दिवसाचा एक भाग देऊन उरलेला दिवस आपल्याकडे ठेवावा, हा सौदा ते जगले, आणि फोर्डाइस रुग्णांना शिकवत होते तोही हाच.

1953 चा ग्रंथ बोनिकांनी एकट्याने लिहिला होता. त्याची दुसरी आवृत्ती 1990 मध्ये दोन खंडांत निघाली आणि तिच्यात लोझर, फोर्डाइस यांच्यासह अनेकांनी लिहिले. सुईपासून सुरुवात केलेला माणूस 37 वर्षांत कुठे येऊन पोचला ते त्या लेखकांच्या यादीवरून कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतःचा क्रमांक मिळाला. लेरिश 1937 मध्ये जे सांगत होते ते अधिकृत कागदावर यायला 85 वर्षे लागली. पण क्रमांक मिळाल्याने टेबल मांडले जात नाही. त्याला डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ आणि परिचारिका यांचा एकत्र बसण्याचा वेळ लागतो, आणि दवाखान्याच्या दरपत्रकात गोळीला, सुईला, स्कॅनला किंमत आहे, या वेळेला नाही. तो वेळ कोण विकत घेणार, हे ठरेपर्यंत जुनाट दुखण्याचा माणूस चिठ्ठ्या घेऊन दारोदार फिरत राहणार.